गावाची नगरपंचायत होते, तेव्हा बौद्धवाडीचे काय होते?

ग्रामपंचायतीचा फलक उतरवून नगरपंचायतीचा फलक चढवला की विकास झाला, असे सांगणाऱ्या पुढाऱ्यांचा एक कळप आहे. नगरपंचायत आली की गाव बुडाले, असे सांगून मोर्चे काढणाऱ्यांचा दुसरा. दोन्ही कळपांतील पुढारी बहुधा एकाच आळीत राहतात, एकाच देवळाच्या ट्रस्टवर असतात आणि निवडणुकीत एकमेकांचे व्याही निघतात. दोघांच्याही भाषणात आमची वाडी नसते. एकाला शहर हवे असते ते जमिनीच्या भावासाठी, दुसऱ्याला गाव हवे असते ते गावकीच्या सत्तेसाठी. म्हणून या प्रश्नाकडे कोणाच्याही चष्म्यातून न पाहता स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची वेळ आली आहे.

हा प्रश्न आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीत बसून का मांडत आहोत, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. या चाळी १९२० च्या दशकात ब्रिटिशांच्या विकास खात्याने बांधल्या. १६० चौरस फुटांच्या खोल्यांत रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग, सातारा इथून आलेला आमचा गिरणी कामगार, गोदी कामगार, पालिकेचा कामगार राहिला. १९७४ च्या वरळी दंगलीत लाठ्या, दगड आणि गोळ्या खाल्ल्या त्या याच चाळींनी. पण चाळकरी मुंबईचा झाला तरी त्याने गाव सोडले नाही. प्रत्येक गावाचे मुंबई मंडळ आहे, वर्गणी आहे, गावच्या विहारासाठी पावतीपुस्तक आहे. पंचायत राज्याच्या कुठल्याही फेरबदलाची पहिली विचारणा रविवारच्या मंडळाच्या बैठकीत होते. गेल्या काही वर्षांत आम्हाला अशा बैठकांत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारला जातो : वकीलसाहेब, आमचे गाव आता शहर झाले म्हणतात, म्हणजे आमचे नेमके काय झाले?

आधी कायदा समजून घेऊ. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिच्यातील अनुच्छेद २४३-क्यू नुसार नागरी संस्थांचे तीन प्रकार झाले. ग्रामीण भागातून नागरी भागाकडे सरकत असलेल्या क्षेत्रासाठी नगरपंचायत, लहान शहरासाठी नगरपरिषद, मोठ्या शहरासाठी महानगरपालिका. कोणते क्षेत्र कशात टाकायचे हे राज्यपालांनी, म्हणजे व्यवहारात राज्य सरकारने, लोकसंख्या, तिची घनता, स्थानिक महसूल, शेतीबाहेरच्या रोजगाराचे प्रमाण आणि आर्थिक महत्त्व पाहून ठरवायचे आहे. महाराष्ट्रात त्यासाठी १९६५ चा नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम आहे. एरवी नगरपंचायतीसाठी दहा ते पंचवीस हजार लोकसंख्येची मोजपट्टी असते. पण २०१४ साली राज्य सरकारने तालुक्याच्या मुख्य ठिकाणच्या ग्रामपंचायती सरसकट नगरपंचायती करण्याचे धोरण घेतले आणि जिथे दहा हजारही माणसे नाहीत, अशी गावे एका अधिसूचनेने शहरे झाली.

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड हे त्यातले ठळक उदाहरण. याच तालुक्यात आंबडवे, बाबासाहेबांचे मूळ गाव. याच मंडणगडात १२ ऑक्टोबर २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते न्यायालयाच्या इमारतीचे उद्घाटन झाले. तालुक्याला न्यायालय आले, ही आनंदाची गोष्ट. पण मंडणगड नगरपंचायतीतही कायद्याप्रमाणे १७ प्रभाग आहेत आणि एकेका प्रभागात शेकड्यात मोजावेत इतकेच मतदार. भात, आंबा, काजू आणि मुंबईची मनीऑर्डर यांवर जगलेल्या मुलखाला शहर म्हटल्याने तो शहर होतो काय, हा लोकांचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. तो राज्यघटनेच्या अनुच्छेदातलाच प्रश्न आहे, कारण शेतीबाहेरचा रोजगार पाहा असे घटनाच सांगते.

आता आमची भूमिका. खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांत आम्ही नाही. ६ ऑक्टोबर १९३२ रोजी मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी स्पष्ट बजावले होते की, अस्पृश्यांना स्वतंत्र राखीव प्रतिनिधित्व नसेल तर गावपंचायतींना मोठे अधिकार देणे धोक्याचे आहे. नुसता प्रौढ मताधिकार पुरणार नाही, कारण आम्ही गावोगावी अल्पसंख्य. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याला घटनेचा पाया मानण्यास नकार दिला आणि व्यक्तीला पाया मानले. त्या आधी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडून आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेऊन कोकणच्या खेड्यातील सत्ता म्हणजे काय हे त्यांनी दाखवून दिले होते. तेव्हा 'गाव वाचवा' म्हणणाऱ्याला आमचा पहिला सवाल असतो : कोणाचे गाव? गावकीत आमच्या वाडीचा मान शेवटचा, पाणवठा वेगळा, स्मशान वेगळे, ते गाव वाचवायचे काय?

पण म्हणून शहर या शब्दावर टाळ्या वाजवायच्या काय? इथे महाड आठवावे. महाडला तेव्हाही नगरपालिका होती. १९२३ च्या बोले ठरावानंतर १९२४ साली त्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर होता, पाणी तळ्यात होते, आणि आमचा हात मध्येच अडवला जात होता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तेव्हा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. हक्क उच्च न्यायालयात कायम झाला तो १९३७ च्या मार्चमध्ये. नगरपालिका असलेले गाव आपोआप माणुसकीचे गाव होत नाही, हे महाडने शिकवले. संस्थेचे नाव बदलले म्हणून तिच्यात बसणारी माणसे बदलत नाहीत. बदल होतो तो आपण तिथे कागद, मत आणि संघटना घेऊन उभे राहिलो तर.

आता लोकांचे प्रश्न एकेक घेऊ.

पहिला प्रश्न : आम्हाला कोणी विचारले काय? अमेरिकेतील अनेक राज्यांत वस्तीला शहराचा दर्जा घ्यायचा तर रहिवाशांचे मतदान होते. आपल्याकडे मतदान नाही. सरकार आधी प्रारूप अधिसूचना काढते, ३० दिवसांची मुदत देते आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकती मागवते. ही हरकत म्हणजे उपचार नाही. १९८७ साली बलदेव सिंग विरुद्ध हिमाचल प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, ग्रामपंचायतीचा भाग नागरी संस्थेत घेतल्याने रहिवाशांच्या हक्कांवर परिणाम होतो, म्हणून त्यांना म्हणणे मांडण्याची वाजवी संधी मिळालीच पाहिजे. ज्याचे गावात घर वा जमीन आहे, तो मुंबईत राहत असला तरी त्याने हरकत जरूर द्यावी. मतदार यादीतले नाव मात्र एकाच ठिकाणी ठेवता येते, वरळीत किंवा गावी. हरकतीला मतदार असावे लागत नाही. आमच्या अनुभवात बौद्धवाडीतून हरकत जातच नाही, कारण अधिसूचनेची बातमी पोहोचते तेव्हा मुदत उलटलेली असते.

दुसरा प्रश्न कामाचा. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याची १०० दिवसांची हमी ग्रामीण कुटुंबाला होती आणि नागरी संस्थेखाली येणारे क्षेत्र त्या कायद्याच्या व्याख्येतूनच वगळलेले होते. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला, १२५ दिवसांची भाषा केली, पण तोही ग्रामीण कुटुंबांसाठीच. म्हणजे फलक बदलल्याच्या दिवशी मजुराच्या पोटाला असलेली केंद्राची हमी गेली. कामाचे स्वरूप बदलले नाही, शेतही तेच, उन्हाळाही तोच. गावात राहिलेल्या भूमिहीन बाईसाठी विकासाचा हा पहिला हप्ता असतो.

तिसरा रेशनचा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने देशातील ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ टक्के आणि शहरी लोकसंख्येच्या ५० टक्के लोकांना धान्याचा हक्क दिला. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले प्रमाण ग्रामीण ७६.३२ आणि शहरी ४५.३४ टक्के. प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा राज्याने ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरी भागात ५९ हजार ठेवली होती. मर्यादा शहरात जास्त, पण एकूण जागा कमी. तेव्हा शिधापत्रिका 'शहरी'त वर्ग करतो असे सांगून कोणी नाव गाळले तर तोंडी उत्तर घेऊ नये. तहसीलदाराकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. गावाचा दर्जा बदलला म्हणून कुटुंबाची गरिबी संपत नाही. मुलांचेही तसेच. नवोदय विद्यालयात ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील शाळांत शिकलेल्या मुलांना असतात. गाव शहर झाले की आमचे पोर त्या रांगेतून उठून शहरातल्या खासगी शाळांच्या पोरांच्या रांगेत जाते.

चौथा घराचा. इथे शहराच्या बाजूनेही बोलले पाहिजे. घरकुलाची रक्कम, मग ती प्रधानमंत्री आवासची असो की अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीच्या रमाई आवासची, नागरी भागात ग्रामीण भागापेक्षा जास्त असते. मंजूर आराखडा, पाण्याची योजना, पक्का रस्ता, दिवाबत्ती, अग्निशमन यांसाठी नगरपंचायतीकडे ग्रामपंचायतीपेक्षा अधिक मार्ग आहेत. पण घरकुल मागताना पहिला प्रश्न येतो जागा कोणाच्या नावावर आहे हा. कोकणात आमची कितीतरी घरे आजोबांच्या नावे आकारणी रजिस्टरला आहेत आणि त्याखालची जमीन तिसऱ्याच्या नावे. बीडीडीच्या पुनर्विकासात आम्ही कागदाची किंमत शिकलो. २२ एप्रिल २०१७ ला भूमिपूजन झाले, १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतील पहिल्या ५५६ भाडेकरूंना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. मधल्या आठ वर्षांत ज्याच्याकडे भाडेपावती, वारसाचा कागद होता तो शांत झोपला आणि ज्याच्याकडे नव्हता तो कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत राहिला. हाच धडा गावच्या घराला लावा. ग्रामपंचायत असेतोवर घराचा नमुना आठचा उतारा काढा, वारस नोंद करा. दप्तर एकदा नगरपंचायतीत गेले की आधी ते सापडणे हीच लढाई होते.

पाचवा घरपट्टीचा. ती वाढते, हे खरे. पण किती वाढावी याला प्रक्रिया आहे. आकारणी यादी प्रसिद्ध होते, नोटीस येते, मुदतीत हरकत देता येते, सुनावणी मागता येते, त्यावर अपील करता येते. मुंबईला असलेल्या माणसाचे घर बंद असते, नोटीस दाराला चिकटवली जाते, पावसात गळून पडते आणि तीन वर्षांनी थकबाकी व्याजासह समोर येते. प्रत्येक मुंबई मंडळाने गावात एक माणूस नोटिशींवर नजर ठेवायला नेमला पाहिजे.

सहावा आणि सर्वांत गंभीर प्रश्न जमिनीचा. नगरपंचायत झाली की १९६६ च्या नगररचना कायद्याखाली विकास योजना होते. बगीचा, बस स्थानक, कचरा डेपो, मैला शुद्धीकरण केंद्र यांची आरक्षणे नकाशावर पडतात. आमचा सवाल आहे : कचरा डेपोचे आरक्षण गावच्या वरच्या आळीवर पडल्याचे कोणी पाहिले आहे काय? ते वाडीच्या कडेलाच का पडते? नकाशा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकत घेतली नाही, तर ती जमीन अडकते. दहा वर्षे संपादन झाले नाही तर कलम १२७ ची नोटीस देता येते, पण तोवर एक पिढी जाते. देशावरच्या गावांत महार वतनाच्या जमिनी आहेत. १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायद्याने त्या नव्या शर्तीवर पुन्हा दिल्या गेल्या, सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. गाव शहर होण्याची कुणकुण लागली की दलाल मुखत्यारपत्र घेऊन वाडीत येतो. पुण्याच्या मुंढव्यातील वतनाच्या जमिनीचा व्यवहार २०२५ मध्ये राज्यभर गाजला, तो कशाचा पुरावा आहे? शहर जवळ आले की वतनदाराचा अंगठा महाग होतो आणि वतनदार मात्र स्वस्तातच राहतो, याचा. कोऱ्या मुखत्यारपत्रावर सही करू नका, एवढे एक वाक्य जरी वाडीवाडीत पोहोचले तरी पुष्कळ झाले.

सातवा प्रश्न प्रभागांचा. अनुच्छेद २४३-टी नुसार अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा मिळतात. महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांच्या. १७ प्रभागांत आमची लोकसंख्या बारा टक्के असेल तर दोन जागा. पण दोन गोष्टींनी या दोनाचे शून्य करता येते. एक, बौद्धवाडी मधोमध कापून दोन प्रभागांत टाकायची, म्हणजे राखीव जागेवरही निवडून येणारा माणूस वाडीचा नसून पाटलाच्या ओसरीवरचा असतो. अमेरिकेत अलाबामातील टस्कीगी शहराची हद्द १९५७ साली विधिमंडळाने चौकोनी होती ती अठ्ठावीस बाजूंची करून टाकली, कारण सुमारे चारशे काळे मतदार शहराबाहेर काढायचे होते. १९६० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो डाव उधळला. रेघ कुठून जाते यावर सत्ता ठरते, हे तिथल्या काळ्या बांधवांनी ओळखले आणि ते न्यायालयात गेले. आमच्याकडे प्रभागरचनेचा कच्चा नकाशा लागतो तेव्हा वाडी जत्रेत असते. दोन, जनगणना. धर्म बौद्ध लिहून अनुसूचित जातीच्या यादीतील जात लिहिलीच नाही, तर तो माणूस अनुसूचित जातीत मोजला जात नाही आणि राखीव जागा कमी होते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचा हक्क मिळाला, तो २०२७ च्या जनगणनेच्या कागदावर उतरलाच पाहिजे. आणि जात पडताळणीचे प्रमाणपत्र निवडणूक जाहीर झाल्यावर शोधायचे नसते.

आठवा प्रश्न ग्रामसभेचा. ग्रामसभा गेली की सामान्य माणसाला उभे राहून हिशेब विचारण्याची जागा जाते. ग्रामसभेत आमचे कोण ऐकत होते, असे कोणी म्हणेल. ऐकत नव्हते, पण २६ जानेवारीला उभे राहून मागासवर्गीयांचा १५ टक्के निधी कुठे खर्च केला, असे विचारता येत होते आणि ते इतिवृत्तात लिहावे लागत होते. नगरपंचायतीत तो प्रश्न नगरसेवकामार्फत किंवा माहितीच्या अधिकारात विचारावा लागतो. शिवाय पहिली निवडणूक होईपर्यंत प्रशासक असतो. प्रशासकाची राजवट लांबली तर काय होते, हे मुंबईकरांनी मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत भोगले आहे. जिथे नगरसेवक नाही तिथे तक्रार कोणाच्या टेबलावर ठेवायची?

शेवटचा प्रश्न झाडूचा. शहर म्हटले की रोजची सफाई, गटारे, मैला टाकी. ते काम कोणाच्या हाती जाणार, हे विचारायलाच नको. कायम नोकरी असेल, लाड-पागे समितीच्या शिफारशींचे वारसाहक्क असतील, तर तो एक रोजगार आहे. पण नगरपंचायती ठेकेदार नेमतात आणि ठेकेदाराकडे ना हातमोजे, ना भविष्य निर्वाह निधी. माणसाला मैल्यात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. नव्या शहराच्या पहिल्याच ठेक्यात ही अट लिहून घेणे हे आपल्या नगरसेवकाचे पहिले काम.

कल्याण-डोंबिवलीची २७ गावे पाहा. १९८३ ला पालिकेत घेतली, २००२ ला वगळली, २०१५ ला पुन्हा घेतली, २०२० ला त्यातली १८ काढायचा निर्णय झाला आणि उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी रद्द केला. वसई-विरार महानगरपालिका २००९ ला झाली तेव्हा गावे वगळा म्हणून आंदोलन पेटले. या साऱ्या आत-बाहेरच्या खेळात बिल्डर, पुढारी, गावकी यांच्या बाजू सगळ्यांना पाठ आहेत. त्या गावांतील बौद्धवस्त्यांनी काय मागितले, हे कुठल्याच ठळक मथळ्यात नाही. आपण मागितले नाही तर कोणी आपल्या वतीने मागणार नाही.

म्हणून आमचे मुंबई मंडळांना सांगणे आहे. गाव की शहर, या भांडणात कोणाचा झेंडा धरू नका. आपल्या मागण्यांचा स्वतंत्र कागद करा. वाडी अखंड एका प्रभागात राहील. विहार, समाजमंदिर, स्मशानभूमी, विहीर यांची नोंद हस्तांतराच्या यादीत नाव आणि क्षेत्रासह होईल. वाडीकडे जाणारी पायवाट विकास योजनेत रस्ता म्हणून दाखवली जाईल. नागरी दलित वस्ती सुधार योजनेचा पैसा वाडीतच खर्च होईल. रोजगार हमीच्या मजुरांना नगरपंचायतीच्या कामांत आधी बोलावले जाईल. हा कागद दोन्ही कळपांपुढे ठेवा आणि लेखी उत्तर मागा. उत्तर देणार नाही त्याला मत नाही.

ज्या मंडळाच्या गावाची अधिसूचना अजून निघालेली नाही, त्यांनी येत्या सुट्टीत गावी जाताना तीन कागद आणावेत : घराचा उतारा, जमिनीचा सातबारा आणि ग्रामपंचायतीच्या मालमत्तेच्या नोंदवहीतील विहार-स्मशानभूमीची नक्कल. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हा आदेश आपण भिंतीवर लिहितो. गावाच्या दप्तरात तो याच तीन कागदांनी लिहायचा आहे. फलक बदलण्याआधी.

जयभीम!